दोन टिंबांचीं पांच बिऱ्हाडें

या सदराच्या एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या घरीं आजेसासऱ्यांच्या हातची एक जाड वही आहे. कीर्तनाचीं टिपणें, कांहीं संस्कृत स्तोत्रें, मधूनच घरांतील जन्ममृत्यूंच्या नोंदी व एका मुंजीच्या खर्चाचा हिशेब असा तिच्यांतील मजकूर. कागदाचे तुकडे पडण्याची वेळ आल्यामुळें घरांतील तिघीजणींनीं, म्हणजे या भगिनी, त्यांची धाकटी जाऊ व माहेरपणास आलेली नणंद यांनीं, ती वही आपसांत वांटून घेतली आणि संगणकावर उतरून काढली. काम पुरें झाल्यावर मामंजींनीं सहज सांगितलें कीं, ‘दुःख’ या विषयावर आमच्या वडिलांनीं एक छोटें निरूपण लिहून ठेवलें होतें, तेवढें काढून दाखव. संगणकास ‘दुःख’ हा शब्द शोधावयास लावला. जावेच्या व नणंदेच्या पानांतील सगळीं दुःखें तात्काळ हजर झालीं. परंतु या भगिनींनीं उतरलेल्या पानांत यंत्रास एकहि दुःख सांपडेना! ‘माझ्या वांट्यास दुःख आलेंच नाहीं, अशी घरांत थट्टा झाली; पण निरूपण माझ्याच पानांत होतें आणि तें डोळ्यांना स्वच्छ दिसत होतें. मग दोष यंत्राचा कीं माझा?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सोबत पाठविलेलें पान आम्ही तपासून पाहिलें. त्या पानांतील प्रत्येक ‘दुःखां’त विसर्गाच्या जागीं अपूर्णविराम बसला आहे. दोन टिंबें हवीं होतीं, कळफलकावर दोन टिंबें दिसलीं, तीं दाबलीं. यांत कोणाहि शहाण्या माणसास वावगें वाटूं नये. छापून काढल्यास ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ यांतील फरक सहसा कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. परंतु यंत्राच्या दृष्टीनें दुसरा शब्द हा शब्दच नव्हे; ‘दु’ हें अक्षर, त्यापुढें एक विरामचिन्ह, आणि त्यानंतर ‘ख’, अशी ती निव्वळ रांग आहे.

याचें कारण असें कीं, संगणकास डोळे नसतात. पडद्यावर उमटणारा आकार हा केवळ आपल्या सोयीसाठीं असतो. यंत्राच्या पोटांत प्रत्येक अक्षर, प्रत्येक चिन्ह, इतकेंच काय, पण दोन शब्दांमधील मोकळी जागासुद्धां एकेका क्रमांकाच्या रूपानें राहते. कोणत्या चिन्हास कोणता क्रमांक द्यावा हें जगांतील सर्व यंत्रांनीं एकमतानें पाळावें म्हणून जो महाकोश रचण्यांत आला त्यास युनिकोड म्हणतात. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, आणि तेव्हांपासून तो वाढतच आहे. या कोशांत अपूर्णविरामाचा क्रमांक ५८ आहे आणि आपल्या देवनागरी विसर्गाचा २३०७. (जाणकार मंडळी हे क्रमांक षोडशमान पद्धतीनें लिहितात, येथें ते आपल्या नेहमींच्या दशमान पद्धतीनें दिले आहेत.) ५८ व २३०७ या संख्यांत जितकें साम्य, तितकेंच यंत्राच्या लेखीं या दोन चिन्हांत साम्य.

गंमत अशी कीं, हीं दोनच चिन्हें एकमेकांसारखीं आहेत असें नाहीं. आर्मेनियन लिपींत वाक्य संपल्याची खूण म्हणून दोन टिंबें देतात. म्हणजे तो त्यांचा पूर्णविराम झाला. त्याचा क्रमांक १४१७. इथिओपियाच्या लिपींत दोन शब्दांच्या मध्यें मोकळी जागा न सोडतां दोन टिंबें घालण्याची जुनी रीत आहे. त्या टिंबांचा क्रमांक ४९६१. हिब्रू बायबलांत एकेक वचन संपलें कीं दोन टिंबें येतात, त्यांचा १४७५. एकाच वाड्यांत दोन टिंबांचीं अशीं निदान पांच बिऱ्हाडें आहेत. चेहरेपट्टी एक, पण गोत्र निराळें, काम निराळें. यांतील एकानें दुसऱ्याच्या दारावर पाटी लावली तर टपालवाला फसणारच.

त्यांतहि विसर्गाची गोष्ट वेगळी आहे. बाकीचीं चार चिन्हें विराम किंवा विभाग दाखवितात. विसर्ग हा उच्चार आहे. तो वर्णमालेंत शिकविला जातो, जिभेनें बोलला जातो. विरामचिन्हानें त्याची जागा घेणें म्हणजे ‘क’ च्या ठिकाणीं स्वल्पविराम काढण्यासारखेंच आहे. फक्त आकार जुळतो म्हणून आपणांस तें खुपत नाहीं.

कागदाच्या काळांत हें सर्व खपून जात असे, आणि तें योग्यहि होतें. खिळे जुळविणाऱ्यापाशीं विसर्गाचे खिळे संपले तर तो अपूर्णविरामाचा खिळा लावी, आणि वाचणारा ‘दुःख’च वाची. कागदावर आकार हा एकच साक्षीदार असे व त्याची साक्ष पुरेशी होई. आतां मजकूर वाचण्याआधीं शोधावा लागतो. पुस्तकाच्या पाठीमागची सूचि यंत्र लावतें, जुन्या मासिकांच्या फाइलींतून हवा तो लेख यंत्र काढून देतें. आणि यंत्रास न सांपडलेला मजकूर नसल्यासारखाच होतो. ‘अंतःकरण’ हा शब्द एकाच ग्रंथांत दोन तऱ्हांनीं लिहिला गेला तर सूचींत त्याच्या दोन निरनिराळ्या नोंदी होतात, आणि वाचणारा एक नोंद पाहून दुसरीस मुकतो.

मग यंत्रानेंच दोन्ही चिन्हें एक समजावीं, असें कोणी म्हणेल. अशी तडजोड एका ठिकाणीं झालेली आहे. ग्रीक भाषेंत प्रश्नचिन्ह म्हणून जें चिन्ह काढतात तें हुबेहूब आपल्या अर्धविरामासारखें दिसतें. त्यास ८९४ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. परंतु तें चिन्ह आणि ५९ क्रमांकाचा साधा अर्धविराम हीं एकच समजावीं असा नियमहि त्याच कोशानें केला. मजकूर प्रमाणरूपांत आणतांना यंत्र ८९४ काढून त्या जागीं ५९ ठेवतें. ग्रीकांचें त्यांत कांहीं बिघडलें नाहीं, कारण दोन्ही विरामचिन्हेंच आहेत आणि भाषा पाहिली कीं अर्थ कळतो. विसर्ग व अपूर्णविराम यांना असें एकत्र बांधतां येत नाहीं. तसें केलें तर ‘पुढीलप्रमाणें:’ यांतील शेवटच्या अक्षरास नाहक विसर्ग चिकटेल.

वरील भगिनींनीं दुरुस्ती करतांना याच कारणानें थोडा धीर धरावा. सगळे अपूर्णविराम एकदम बदलून विसर्ग कर, अशी सरसकट आज्ञा यंत्रास देऊं नये. मुहूर्ताच्या ‘१०:३०’ मध्येंहि विसर्ग शिरेल. प्रथम ज्यांच्या दोन्ही अंगांस, मध्यें जागा न सोडतां, मराठी अक्षर आहे असे अपूर्णविराम काढावे. दुःख, अंतःकरण, निःशब्द, प्रातःकाळ, मनःपूर्वक हे शब्द त्यांत येतील, आणि ते जवळजवळ सगळे विसर्गच निघतील. शब्दाच्या शेवटीं येणारे मात्र एकेक करून पाहावे लागतात. ‘स्वतः’, ‘शतशः’, ‘अंशतः’, ‘वस्तुतः’ यांत विसर्ग आहे. ‘प्रश्न:’, ‘उत्तर:’, ‘बुवा म्हणाले:’ यांत तो नाहीं. हा निवाडा मराठी जाणणाऱ्या माणसानेंच करावयाचा आहे. पुढील लेखनासाठीं सांगावयाचें तर, इनस्क्रिप्ट कळफलकावर शून्याच्या शेजारीं जी संयोगचिन्हाची कळ आहे, ती शिफ्टच्या कळीसह दाबली असतां खरा विसर्ग मिळतो. ती जागा एकदां बोटांना ठाऊक झाली कीं लग्नपत्रिकेंतील ‘मनःपूर्वक’ आणि निधनवार्तेंतील ‘दुःखद’ हीं दोन्ही नीट उतरतात. हल्लीं छापल्या जाणाऱ्या पत्रिकांपैकीं किती पत्रिकांत तीं नीट असतात हें वाचकांनीं आपल्याच घरीं आलेला गठ्ठा उघडून पाहावें.

एवढ्यावरून एकाद्यास वाटेल कीं, चिन्हास क्रमांक मिळाला म्हणजे त्याचें सर्व मिळालें. तसें नाहीं, आणि याची मोठी मौजेची साक्ष परदेशांतून मिळते. १९६२ सालीं न्यूयॉर्क येथील जाहिरातीच्या धंद्यांतील मार्टिन स्पेक्टर नांवाच्या गृहस्थांनीं असा विचार मांडला कीं, प्रश्न आणि आश्चर्य हीं एकाच वाक्यांत असलीं म्हणजे दोन चिन्हें कां द्यावीं? ‘काय, लग्न ठरलें?!’ यापुढें प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकावर एक बसवून एकच जोडचिन्ह कां करूं नये? त्यास त्यांनीं ‘इंटरोबँग’ असें नांव दिलें; प्रश्न विचारणें या अर्थाचा लॅटिन शब्द, आणि उद्गारचिन्हास छापखान्याच्या बोलींत असलेलें ‘बँग’ हें नांव, या दोहोंची ती जोडणी. १९६६ सालीं निघालेल्या ‘अमेरिकाना’ नांवाच्या टाइपांत त्याचा खिळा होता; १९६८ सालीं रेमिंग्टनच्या टंकलेखनयंत्रावर त्याची कळहि मिळूं लागली. युनिकोडांत त्याचा क्रमांक ८२५३ आहे. इतके सोपस्कार होऊनहि आज तें चिन्ह वापरणारा मनुष्य दिवा घेऊन शोधावा लागेल, आणि सर्वसामान्य कळफलकावर त्यास जागा नाहीं. क्रमांक म्हणजे शिधापत्रिकेवरील नांव आहे. तेवढ्यानें कोणी पानावर बोलावतोच असें नाहीं.

त्याच्याहि आधींचीं अशीं पुष्कळ चिन्हें आहेत. इंग्लंडांत हेन्री डेनम या मुद्रकानें सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकांत, ज्या प्रश्नास उत्तराची अपेक्षा नाहीं त्यापुढें उलटें प्रश्नचिन्ह देण्याची प्रथा पाडून पाहिली; ती अर्धशतकाच्या आंतबाहेर मावळली. फ्रान्समध्यें १८९९ सालीं आल्कांतेर द ब्राम या लेखकानें उपरोध दाखविण्याकरितां एक चिन्ह सुचविलें, आणि त्याच देशांत १९६६ सालीं एर्वे बाझँ या कादंबरीकारानें एकदम सहा चिन्हें मांडलीं. उपरोध, शंका, निश्चय, जयघोष, अधिकार आणि प्रेम, असे त्या सहांचे विषय. प्रेमाचें चिन्ह म्हणजे समोरासमोर केलेलीं दोन प्रश्नचिन्हें. आणि तें एका परीनें खरेंहि आहे. उपरोधाच्या चिन्हाविषयीं मात्र आमचें मत प्रतिकूल आहे. उपरोधास खूण करून दाखवावी लागली तर तो उपरोध कसला? ठरल्या वेळेहून तासभर उशिरा आलेल्या पाहुण्यास ‘वा, फार लवकर आलांत!’ असें आमच्याकडे म्हणतात, आणि कोणत्याहि चिन्हावांचून तें पोंचतें. हें खरें कीं, समोरासमोरच्या बोलण्यांत सूर असतो व लेखी निरोपांत तो नसतो. ती उणीव हल्लीं मोबाइलवरील हंसरे-रडके चेहरे भरून काढतात. त्यांचा मोठा संच २०१० सालीं युनिकोडांत आला. ब्राम व बाझँ यांना जें साधलें नाहीं तें या पिवळ्या चेहऱ्यांना साधलें, कारण ते थेट बोटाखालीं आले.

बोटाखालीं असण्याचें महत्त्व किती, हें पाहावयाचें तर ‘ॲट’ चें चिन्ह पाहावें. (हें ‘ॲ’ अक्षरसुद्धां मराठीकरितां म्हणून त्या कोशांत २००८ सालीं दाखल झालें.) व्यापाऱ्यांच्या हिशेबांत ‘अमुक दरानें’ या अर्थीं तें लिहीत असत, एवढाच त्याचा उद्योग होता, पण तेवढ्यासाठीं टंकलेखनयंत्रावर त्याची कळ टिकून राहिली. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यास एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवितांना माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांच्या मध्यें घालावयास एक चिन्ह हवें होतें. कोणाच्याहि नांवांत न येणारें आणि कळफलकावर असलेलें चिन्ह म्हणून त्यानें तें उचललें. आज जगांत असा व्यवहार नाहीं जेथें तें लागत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या जुन्या लेखनांत विरामचिन्हांचा संसार अगदीं आटोपशीर होता. पोथींत एक दंड व दोन दंड. मोडींत तर बहुधा तेहि नाहींत. प्रथम कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि तिला अक्षरें लोंबवीत जावयाचें. शब्द कोठें संपला हें वाचणाऱ्यानें ओळखावयाचें. आज आपण वापरतों तीं स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह वगैरे मंडळी इंग्रजींतून आलीं, आणि तीं मराठींत रुजविण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांस दिलें जातें. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामीं साहाय्य करणारे तेच हे कँडी. त्या देवघेवींत मराठी गद्यानें दंड सोडून टिंबाचा पूर्णविराम घेतला. हिंदीनें मात्र दंड राखला. कांहीं अभिमानी लोक मधूनमधून ‘आपला दंड परत आणा’ असें म्हणतात. आम्हांस त्याची निकड वाटत नाहीं. इतक्या पिढ्यांनीं जें टिंब वापरलें तें आतां परकें कसें म्हणावें? ओवी, अभंग, आर्या, श्लोक यांत दंड आहेच, आणि तेथें तो नीट राहावा एवढेंच आमचें मागणें आहे.

तेथेंहि तो नीट राहत नाहीं. दंडाचा क्रमांक २४०४, दोन दंडांच्या जोडचिन्हाचा २४०५. हे दोन्ही देवनागरीच्या पेठेंत बसविलेले असले तरी बंगाली, गुजराती, गुरुमुखी इत्यादि भगिनीलिप्यांनींहि तेच वापरावे अशी योजना आहे. एकत्र कुटुंबांतील देवघरासारखे ते सामाईक आहेत. परंतु संगणकावर उतरलेलीं कित्येक स्तोत्रें व अभंग पाहावेत तर दंडाच्या जागीं इंग्रजी कळफलकावरील १२४ क्रमांकाची उभी रेघ आढळते, नाहीं तर दोन दंडांच्या जोडचिन्हाऐवजीं दोन सुटे दंड शेजारीं शेजारीं उभे केलेले असतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर पूर्णविरामाच्याच कळीवर, शिफ्टसह, खरा दंड आहे. पण तो पाहावयास कोण जातो! हीच गत लाघवचिन्हाची. कांहीं जुन्या छापखान्यांत ‘रा॰ रा॰’ असें लहान वर्तुळ देत. त्याचा क्रमांक २४१६. तें उतरतांना लोक शून्य टंकतात, ज्याचा क्रमांक २४०६. यंत्रास मग तेथें अंक आहे असें वाटतें.

दंड चुकला तर डोळ्यांस विशेष जाणवत नाहीं आणि अर्थहि बिघडत नाहीं. अवग्रहाचें तसें नाहीं. संधींत लोपलेल्या ‘अ’ ची आठवण म्हणून जें नागमोडी चिन्ह आपण काढतों, त्यास अवग्रह म्हणतात. ‘देवः’ आणि ‘अजितः’ यांचा संधि ‘देवोऽजितः’ असा होतो; अर्थ, ज्यास कोणीं जिंकलेलें नाहीं असा देव. ‘देवः’ आणि ‘जितः’ यांचा संधि ‘देवो जितः’. अर्थ, देव जिंकला गेला. दोहोंत अंतर तेवढ्या एका नागमोडी रेघेचें आहे. जुन्या पोथ्यांत लेखक पुष्कळदां अवग्रह गाळीत, हें खरें. पण तेव्हां वाचणाऱ्यास अन्वय येत असे आणि शेजारीं शास्त्रीबोवा बसलेले असत. आजच्या मुलानें मोबाइलवरून स्तोत्र वाचावयाचें तर त्यास तेवढी रेघच आधार आहे.

आणि ती रेघ कोणत्या दशेंत आहे? बहुतेक ठिकाणीं तिच्या जागीं इंग्रजी ‘एस्’ हें अक्षर घातलेलें असतें. आकार जवळपास जुळतो, आणि ‘देवो’ व ‘जितः’ यांच्या मध्यें ८३ क्रमांकाचें रोमन अक्षर येऊन बसतें. अवग्रहाचा खरा क्रमांक २३६५ आहे. या चिन्हाची उपेक्षा जुनीच म्हणावयाची. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं भारत सरकारच्या पुढाकारानें भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ नांवाची संकेतपद्धति ठरविण्यांत आली होती; १९९१ सालीं ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यांत जागा मोजक्या. त्यामुळें अवग्रहास स्वतंत्र घर मिळालें नाहीं. आधीं दंड, आणि त्याच्या पाठोपाठ नुक्ता, म्हणजे अक्षराखालचें टिंब, अशी जोडी लिहिली कीं यंत्रानें अवग्रह समजावा, अशी युक्ति योजण्यांत आली. परक्या घरीं, दुसऱ्याच्या नांवावर, असे त्यानें ते दिवस काढले.

पोथ्यांतील इतर खुणांना घर मिळावयास याहून उशीर लागला. प्रकरण संपल्यावर दोन दंडांच्या मधोमध जें फुलासारखें चिन्ह काढीत तें पुष्पिका. सुटलेलें अक्षर कोठें घालावयाचें हें दाखविणारें काकपद. ओळींत मोकळी राहिलेली जागा भरून काढण्याची खूण. अशीं चिन्हें २००९ सालीं युनिकोडांत आलीं. वैदिक स्वरचिन्हांचा मोठा संचहि त्याच वर्षींचा. पुष्पिकेचा क्रमांक ४३२५६ आहे. म्हणजे वडिलोपार्जित पोथी संगणकावर उतरतांना तिच्यांतील फूल गाळण्याचें कारण आतां राहिलें नाहीं. पण फूल पडद्यावर उमटावयास तें ज्यांत कोरलेलें आहे असा फाँटहि यंत्रांत लागतो. तो नसला कीं तेथें एक रिकामी चौकट दिसते, आणि उतरणारा मनुष्य ती चूक समजून पुसून टाकतो. चौकट दिसली तर ती तशीच राहूं द्यावी. क्रमांक आंत शाबूत असतो, आणि पुढें योग्य फाँट मिळाला म्हणजे फूल आपोआप उमलतें.

राहिली मोडी. अंशुमन पांडे यांनीं सादर केलेल्या प्रस्तावावरून २०१४ सालीं मोडी लिपि युनिकोडांत दाखल झाली. तीस स्वतःचा दंड, स्वतःचे दोन दंड व स्वतःचें लाघवचिन्ह मिळालें. देवघर सामाईक असतां हिनें मात्र चूल वेगळी मांडली. शिवाय ‘हुवा’ नांवाचें एक चिन्ह आहे, तें कांहीं कागदांच्या आरंभीं मंगलाचरणासारखें येतें. त्याचा क्रमांक ७१२३६. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल आहेत आणि कित्येक जुन्या घरांच्या माळ्यावर निदान एकेक तरी आहे. हे कागद बालबोधींत आणतांना उतरणाऱ्यास स्वतःच शब्द तोडावे लागतात आणि स्वतःच विरामचिन्हें घालावीं लागतात. ‘ध’ चा ‘मा’ ही कथा लहानपणीं आपण सर्वांनीं ऐकली आहे. तीत निदान एक अक्षर तरी बदलावें लागलें. येथें अक्षर जागचें हालवावें लागत नाहीं. एकाद्या वांटणीच्या तंट्याच्या कागदांत ‘रक्कम दिली नाहीं म्हणतो’ अशी सलग ओळ असली, तर ‘रक्कम दिली; नाहीं म्हणतो’ असें वाचल्यास घेणारा लबाड ठरतो, आणि ‘रक्कम दिली नाहीं, म्हणतो’ असें वाचल्यास देणाऱ्याकडे बाकी निघते. अर्धविराम कोठें पडला यावर एका घराण्याची अब्रू अवलंबून राहते, आणि तो अर्धविराम मूळ कागदांत नाहींच; तो दोनशें वर्षांनंतर उतरणाऱ्यानें घातलेला असतो. म्हणून असा कागद संगणकावर आणतांना मोडींतील ओळ मोडींतच, तिच्या हुवासकट, एकदां जशीच्या तशी लिहून ठेवावी, आणि बालबोध वाचन तिच्या खालीं निराळें द्यावें. त्या वाचनांतील विरामचिन्हें कोणीं घातलीं त्याचें नांव व तारीख तेथेंच नोंदवावी.